लोखंडाची ओळखपरेड

मेलेल्या माणसाच्या पिशवीतून घरी काय काय येईल याला धरबंध नसतो. उमैरच्या पिशवीतून दोन लुंग्या आल्या, दाढीचं सामान आलं, अर्धी उरलेली अत्तराची कुपी आली आणि तळहाताएवढा एक जाड, वाकडा लोखंडाचा तुकडा आला. जहाजावरच्या सोबत्यांनी तो डेकवरून उचलून पिशवीत घातला होता. ज्याने माणूस गेला ते घरच्यांना दिसावं, असं त्यांना वाटलं असेल. खलाशांची माया ती, तिला पोच कुठून असणार? रिफतने, म्हणजे उमैरच्या बायकोने, तो पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा त्याच्या खाचेत काळं काहीतरी सुकलेलं होतं, आणि ते काय आहे हे तिला कोणी सांगावं लागलं नाही.

उमैर दाभोळचा, मालवाहू जहाजावर कुक होता. लढाई पेटलेल्या एका मुलखाच्या बंदरात त्यांचं जहाज पिठाच्या गोणी उतरवत उभं होतं. भर दुपारी उखळी तोफेचा एक गोळा येऊन जहाजाच्या मागच्या अंगावर पडला. तिथला डेक गेला, खालचं स्वयंपाकघर गेलं, आणि डेकवर उभा राहून बायकोशी फोनवर बोलणारा उमैर गेला. गावात कोणीतरी म्हणालं, उखळात डोकं घातल्यावर मुसळाला भ्यायचं कशाला? असं म्हणणाऱ्याचे दोन्ही मुलगे दुबईत एसीच्या हवेत बसलेले होते, त्याचं काय जात होतं म्हणायला?

पण खरी काडी टाकली ती कंपनीच्या माणसाने. तो दुखवट्याला आला, खुर्चीवर बसला, आणि सांगू लागला की असल्या बंदरात डेकवर फोन लावायला मनाई असते, कारण समोरचे लोक सिग्नल पकडतात आणि त्याच्यावर गोळा सोडतात. तुमच्या मुलाने त्या वेळी फोन घेतला नसता तर, एवढं बोलून त्याने वाक्य अर्धंच सोडलं. चहा मात्र पूर्ण प्याला. कंपनीने असे हात झटकले, आणि ते अर्धं वाक्य रिफतच्या सासूने, तय्यबाबीने, उचलून पुरं केलं.

रिफत तेव्हा आतल्या खोलीत इद्दतीला, नवऱ्यामागच्या चार महिने दहा दिवसांच्या एकांताला, बसलेली होती. बाहेर बायका यायच्या, रडायच्या, आणि तय्यबाबी प्रत्येकीला तेच सांगायची: सुनेचा फोन आला म्हणून पोरगा वर गेला, फोन लागला म्हणून गोळा आला. भिंतीला कान असतात म्हणतात, पण भिंतीपलीकडे बसलेल्या विधवेलाही असतात, हे एकीलाही सुचलं नाही. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे रिफतची बाजू घ्यायला त्या घरात कोणी नव्हतं.

आणि तो फोन होता कशाचा? खिडकीच्या जाळीच्या रंगाचा. सासूला हिरवा हवा होता, सुनेला पांढरा. दोघी हटून बसल्या तेव्हा तय्यबाबीनेच फर्मावलं होतं, लाव त्याला फोन आणि विचार. उमैर हसला होता, अम्मी म्हणेल तो लाव, एवढं बोलला होता, आणि त्यानंतर फोनमध्ये काहीच उरलं नव्हतं. फोन लावायला कोणी सांगितलं हे सासू विसरली होती असं समजू नका. असलं काही कोणी विसरत नाही. तिला ते पेलवत नव्हतं, म्हणून तिने ते सुनेच्या पदरात बांधलं, इतकंच. रिफतनेही ते कधी तोंडाबाहेर काढलं नाही. जाळी मात्र रंगाविना तशीच राहिली आणि समुद्राच्या हवेने गंजली.

पुढे रिफतच्या थोरल्या भावाने, वलीने, तिला कतारला आणलं. दोह्यात एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर काम लावून दिलं. तिथल्याच अल हिलाल वस्तीत वली आणि त्याची बायको कनीज यांच्या फ्लॅटमध्ये तिला एक खोली मिळाली. कनीज भली बाई, तिने कधी डोळा वाकडा केला नाही. पण शुक्रवार आला की सासूला फोन करायचा असे. तय्यबाबी आधी पाण्याचं सांगायची, मग गुडघ्याचं, मग शेजाऱ्यांच्या म्हशीचं, आणि बोलणं संपता संपता हळूच तिथे यायची. तू फोन नसता केलास तर. रिफत ऐकून घ्यायची. सहन करायची म्हणावं तर तेही पुरतं खरं नाही. तिला स्वतःलाच आतून ते पटलेलं होतं, आणि हीच खरी गोम होती. गेल्या तीन वर्षांत एक दिवस असा गेला नव्हता की तिने स्वतःला विचारलं नसेल, मीच आणला का तो गोळा?

वली एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर होता. एकदा जेवताना तो हसत हसत सांगू लागला की समैस्म्याला समुद्रकाठी एका कतारी माणसाचा व्हिला आहे, त्याला सगळे अबू नासर म्हणतात. पूर्वी लष्करात होता, आता त्याचा छंद काय, तर तोफगोळे जमवायचे. आतून रिकामे केलेले, परवान्याचे, पण गोळेच. त्यांच्यासाठी वेगळा हॉल, बाराही महिने थंड आणि कोरडा ठेवलेला. माणसं घामाने निथळताहेत आणि तिथे लोखंडाला गारवा. आणि नखाएवढा तुकडा दाखवला तरी तो गोळ्याचं कूळ सांगतो म्हणे. वली हसतच होता. रिफतचा घास हातातच राहिला.

त्या वर्षी सुट्टीला गेल्यावर तिने अबू नासरचं सांगून तय्यबाबीकडे तुकडा मागितला. सासूने तो उमैरच्या जुन्या रुमालात गुंडाळून ठेवला होता. द्यायला कां कूं करील असं वाटलं होतं, पण तिने लगेच दिला. म्हणाली, विचार त्याला, फोनवरच आला म्हणून सांगेल तो, मग तरी कबूल होशील. ज्या दिवशी विचारशील त्याच दिवशी मला फोन कर. रिफतने तो तुकडा आमसुलं आणि सुक्या कोळंबीच्या पुड्यांमध्ये घालून दोह्याला आणला. विमानतळावर विचारलं तेव्हा जहाजाचं लोखंड आहे म्हणाली, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

एका शुक्रवारी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर, वलीने तिला समैस्म्याला नेलं. वाटेत तीनदा बजावलं की जास्त बोलू नकोस, हे गिऱ्हाईक मोठं आहे.

अबू नासर माणूस अदबशीर. त्याने रिफतला बसायला सांगितलं, खजूर पुढे केले, गहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतायला लावला. कामापुरतं हिंदी त्याला येत होतं, अडलं तर इंग्रजी. नवऱ्याचं ऐकून त्याने अल्लाह रहमत करो म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं. मग रुमाल उघडला, तुकडा उजेडात धरला, आणि त्याचा चेहराच पडला.

रंग कुठे गेला, त्याने विचारलं. वलीने सांगितलं की आमच्याकडे तांब्यापितळेची भांडी घासतात तसा उमैरच्या आईने तो आमसुलाने आणि राखेने घासला. दर जुम्याला, म्हणजे शुक्रवारी, घासायची. अबू नासरने कपाळाला हात लावला. मग त्याने दोघांना चांगलं सुनावलं. गोळ्याचा रंग म्हणजे त्याचं नावगाव, पट्टा कोणता, त्यावरची अक्षरं कुठल्या लिपीतली, यावरून अर्धी ओळख तिथेच पटते. जमवणारा माणूस साध्या ओल्या फडक्यानेही पुसत नाही. आणि तुम्ही लोकांनी खटाई लावून घासलात? वली ओशाळं हसला. रिफतला मात्र का कोण जाणे, सासूचा कैवार आला.

"त्याच्यावर रक्त होतं," ती म्हणाली.

अबू नासरने मान खाली घातली.

"तरीही," तो म्हणाला.

मग त्याची ओळखपरेड सुरू झाली. त्याने पत्र्याचे गोल कापलेले साचे आणले आणि तुकड्याच्या वाकावर एकेक लावून पाहिला. लहान साचे बसेनात. सगळ्यात मोठा, वीतभर रुंदीचा, चपखल बसला. म्हणजे साधी उखळी तोफ नव्हे, भारी उखळी तोफ. मग त्याने भिंग घेतलं आणि कडा पाहिल्या, लोखंड कसं फाटलं, लेथ यंत्राच्या रेघा कशा गेल्या आहेत. तो स्वतःशीच अरबीत काही पुटपुटत होता. एका कडेला येऊन तो थांबला. तिथे लोखंडात एक अर्धी खोबण होती आणि तिच्या पोटात, आमसूल पोचलं नव्हतं तिथे, हिरवट रंगाची एक रेघ उरली होती. तो ताडकन उठला आणि त्यांना हॉलमध्ये घेऊन गेला.

हॉलमध्ये खरोखरच थंडी वाजत होती. गोळे रांगेने उभे, प्रत्येकाला खालून दिवा. देवघरात नसेल अशी टापटीप. त्यांच्यामध्ये एका लाकडी घोडीवर एक लांबलचक गोळा आडवा ठेवलेला होता, जवळजवळ माणसाएवढा, शिकवण्यासाठी एका बाजूने कापून उघडा केलेला, अंगाला निकामी केल्याची खूण म्हणून मुद्दाम पाडलेली भोकं. त्याच्या नाकाशी जाड काचेचा एक डोळा होता. अबू नासरने समजावलं की साध्या गोळ्याच्या शेपटीचे पंख घट्ट बसवलेले असतात. याचे पंख मिटलेले असतात आणि हवेत गेल्यावर बिजागरीवर उघडतात. त्याने उमैरच्या पिशवीतला तुकडा त्या बिजागरीपाशी टेकवला. खोबणीला खोबण मिळाली. पातेल्यावर झाकण बसावं तसा तुकडा बसला.

"मबरूक," अबू नासर म्हणाला.

रिफतला आधी कळलंच नाही की हे अभिनंदन आपलं आहे. तो आनंदाने फुलून गेला होता. सांगत होता की असा डागलेला, खऱ्या लढाईतून आलेला तुकडा त्याने आजवर हातात धरला नव्हता. इथे आखातात कोणाकडे असेल असं वाटत नाही. त्याच्या आनंदात खोट नव्हती, आणि त्यानेच तिच्या अंगाची लाहीलाही झाली. लबाड माणसाचा राग करता येतो. या माणसाचं काय करायचं?

तो फोनवर फोटो काढत सुटला. गहवा निवायच्या आत त्याच्या देशोदेशीच्या मित्रांची उत्तरं येऊ लागली. एकाने अंगठा पाठवला, एकाने जळत्या ज्वाळेचं चित्र. एकाने विचारलं, त्या बाईकडे बाकीचे तुकडे आहेत का? अबू नासरने तोच प्रश्न वलीला केला, वलीने मान खाली घालून बहिणीला.

"बाकीचे उमैरच्या अंगात होते," रिफत म्हणाली. "ते त्याच्याबरोबर पुरले."

वलीने भाषांतर केलं: नाहीत.

मग तिने धीर करून तो प्रश्न विचारला, ज्यासाठी ती तीन वर्षं झुरत होती. हा गोळा फोनचा सिग्नल पकडून येतो का? वली मध्ये बोलायला लागला तर तिने त्याला हाताने थांबवलं आणि स्वतःच हिंदीत पुन्हा विचारलं. अबू नासर मोठ्याने हसला. फोन? याला फोन कळतच नाही. याला फक्त धरलेला उजेड कळतो.

त्याने खिशातून लेसर पॉइंटर काढला, ऑफिसात भिंतीवर तक्ते दाखवायला वापरतात तसला, आणि लाल ठिपका वलीच्या शर्टाच्या खिशावर टेकवला. वली दचकून बाजूला सरला. ठिपका त्याच्याबरोबर सरला. वली दाराकडे गेला, ठिपकाही दाराकडे गेला. अबू नासरला गंमत वाटत होती. असंच, तो म्हणाला, फक्त तो उजेड डोळ्याला दिसत नाही. कोणीतरी लांब बसून तो जहाजावर धरतो, आणि गोळा पडेपर्यंत हलू देत नाही. गोळ्याचा हा काचेचा डोळा तेवढंच बघत येतो. धरणारा मात्र पक्का लागतो, दुर्बिणीला डोळा लावून बसलेला. त्याला समोरचं स्वच्छ दिसावं लागतं, डेकवर कोण उभं आहे, काय करतंय, सगळं. न दिसता धरणार कसा?

रिफतच्या कानात त्यातलं पहिलंच शिरलं होतं. फोन कळत नाही. ती मटकन तिथल्या बाकावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. खूप दिवसांनी तिला हलकं वाटत होतं. मी आणला नाही. मी नाही आणला. कंपनीचा तो चहापिता माणूस डोळ्यांपुढे आला आणि तिने त्याला दाभोळच्या भाषेत मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या.

अबू नासरने अदबीने विचारलं की तुकडा इथे ठेवणार का. काचेच्या पेटीत ठेवू, शेजारी तुमच्या नवऱ्याचं नाव लिहू, लोक येऊन बघतील. ती नको म्हणाली. तो फार कष्टी झाला, दारापर्यंत पोचवायला आला तरी त्याची नजर रुमालावरच होती. निघताना मात्र कळकळीने म्हणाला, आता तरी घासू नका.

गाडी समैस्म्याच्या किनाऱ्याशी थांबवून वली करक चहा आणायला टपरीवर गेला. समुद्र शांत होता, वाळूत पोरं खेळत होती. रिफतला दम धरवेना. तिने तिथूनच दाभोळला फोन लावला. आज पहिल्यांदा ती हा फोन आनंदाने लावत होती. तय्यबाबीने पहिल्याच घंटेला उचलला. पाणी, गुडघे, म्हैस, आज काहीच नाही. म्हणजे म्हातारी फोन हातात धरूनच बसली होती.

"अम्मी, विचारलं मी," रिफत घाईने म्हणाली. "तो म्हणतो, असला गोळा फोनवर येत नाही. कोणीतरी लांबून त्याला उजेड दाखवावा लागतो. दुर्बिणीतून बघत, उजेड धरून बसावं लागतं. त्या उजेडावर येतो तो."

फोन लागलेला होता, म्हातारीचा श्वास कळत होता. रिफत वाट पाहत राहिली. कबुली मिळावी असंही नाही, नुसतं बरं म्हणाली असती तरी तिला पुरलं असतं.

"मंजे कोन तरी बघत होता?" तय्यबाबीने विचारलं.

रिफतने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दुर्बिणीतना? माज्या उमैरला बघत होता?" म्हातारीचा आवाज बारीक होत चालला होता, लहान पोरीसारखा. "तुज्याशी बोलताना हसला ना गो तो? तूच सांगितलंस, हसला म्हणून. मग ता पन दिसला आसेल त्याला. हसताना दिसला, तरी धरून बसला? सांग ना गो. दिसत होता त्याला माजा पोरगा?"

आता अबू नासरचं उरलेलं बोलणं रिफतच्या कानात शिरलं. डेकवर कोण उभं आहे, काय करतंय, सगळं. तीन वर्षं सासूकडे रागवायला एक सून होती. शुक्रवारी तिचा फोन यायचा, ती ऐकून घ्यायची, आणि म्हातारी रात्री झोपू शकायची. हे काढून घेतलं तर तिच्या हाती काय द्यायचं? दुर्बिणीमागचा एक माणूस, ज्याला ना नाव ना गाव, आणि जो तिच्या हसणाऱ्या मुलाकडे बघतो आहे. तो माणूस तिच्या उशाशी मरेपर्यंत बसला असता. रिफतला सासूचा राग आला, तिची कीव आली, आणि आपलं हलकेपण समैस्म्याच्या या वाटेवरच संपलं हे कळून रडू आलं. रडू तिने गिळलं.

"नाही अम्मी," ती म्हणाली. "असे गोळे असतात, एवढंच तो म्हणाला. आपला तसला नव्हता. त्याने मापं घेऊन पाहिलं. आपला साधाच होता. आंधळा."

"कोन बघत नव्हता?"

"कोणी नाही."

तय्यबाबीने लांब श्वास सोडला. छातीवरचा धोंडा उतरावा तसा तो फोनमधून ऐकू आला. मग बोलली तेव्हा तिचा नेहमीचा आवाज परत आला होता.

"मग फोनवरच आला," ती म्हणाली. "मी काय सांगत होती तुला? तू तेवढा फोन नसता केलास, तर माजा उमैर आज..."

वली चहाचे दोन कप घेऊन गाडीकडे येत होता. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून रिफतने काच वर केली.

"हो अम्मी," ती म्हणाली, आणि पुढचं ऐकत राहिली.